उघड, बाय, खोका उघड

याकूबभाई परकार पहिल्यांदा आमच्या कार्गोच्या दुकानात आले, तेव्हा खोका काट्यावर ठेवायच्या आधी त्यांनी पिशवीतून एक किलो मिठाची पुडी काढली आणि ती काट्यावर ठेवली. काट्यावर बरोबर एक किलो उमटलं. त्यांनी वाकून बघितलं, पुडी उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा बघितलं. मग कुठे खोका चढवला.

"अहो, काटा बरोबर आहे आमचा," मी म्हटलं.

"काटा तुझा, मीठ माझा. दोघांचा जमला तर पुढचा बोलू."

मला राग आला. येणारच ना! इथे गल्फमध्ये, मुहर्रकच्या ह्या गल्लीत मी इतकी वर्षं काउंटरमागे बसलेय. लोकांनी लोणच्याच्या बरणीत काय काय दडवून पाठवायचा प्रयत्न केलाय, ते मला विचारा. संशय घ्यायचं काम माझं. आणि हा गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेला, पांढऱ्या दाढीचा रत्नागिरीकडचा म्हातारा येऊन माझ्यावरच संशय घेतो म्हणजे काय! पण त्यानंतर ते जेव्हा जेव्हा आले, तेव्हा आधी मीठ चढलं आणि मग खोका. पुडी तीच असायची. तिच्या कडा पिशवीत घासून घासून मळल्या होत्या.

ते जवळच्याच हिद्दला जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. एकदा तिथला माल न्यायला मी स्वतः गेले होते, तेव्हा त्यांची खिडकी बघितली. खिडकीला जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक आणि पलीकडे याकूबभाई. हातमोजा हवा असेल तर आधी फाटलेला जुना आत द्यायचा. ते तो उलटा करून बघणार, पाचही बोटांत बोट घालून बघणार.

"ह्या बोटाला काय झालाय? चांगला हाय की."

"चाचा, अंगठा फाटलाय."

"मग अंगठा दाखव. करंगळी कशाला पुढे करतोस?"

दुपारी जेवायला जाताना कुलूप लावायचे, ओढून बघायचे, चार पावलं जायचे आणि परत येऊन ओढायचे. चहा मागवला तर दुसऱ्याला आधी प्यायला लावायचे. विष म्हणून नव्हे हो, साखर किती आहे ते कळावं म्हणून. स्वतःचा मोबाईलसुद्धा त्यांना खरा वाटत नसे. फोनवर कुणी 'येतो' म्हणालं की विचारायचे, "मी काय ऐकला ता सांग बघू." समोरचा वैतागून पुन्हा सांगायचा.

त्यांचं एक पालुपद होतं. कुणाशीही बोलणं संपताना म्हणायचे, "माझ्यावर इश्वास ठेवू नको हां." सलाम केल्यासारखं सहज म्हणायचे. ऐकणारा हसायचा. मी हसत नव्हते. म्हटलं, जो माणूस स्वतःच सांगतो की माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्याचं तर अजिबात ऐकू नये.

खरा संशय आला तो खोक्यांवरून.

गल्फमधला आपला माणूस घरी खोका पाठवतो. त्यात नवल काय? ब्लँकेट, दूधपावडर, अत्तर, बाम, चॉकलेटं, बॅटरी. दोरीने आवळून वर मार्करने नाव आणि गाव. पण याकूबभाईंच्या खोक्यावर दर वेळी नाव निराळं असायचं. कधी मंडणगडचा कुणी, कधी श्रीवर्धनचा, एकदा तर आमच्या वसईचा पोरगा. आणि एकही खोका घरपोच नाही! दर वेळी म्हणणार, "मुंबईच्या गोडाऊनवर ठेव. ज्याचा हाय तो हाती घेणार." आता मला सांगा, घरपोच सोय असताना मुंबईच्या गोडाऊनवरून खोका डोक्यावर घेऊन एसटीने कोकणात जायची हौस कुणाला असते? दाल में कुछ काला नव्हे, मला तर सगळी डाळच काळी दिसली.

"खोका उघडावा लागेल," मी एकदा म्हटलं. वाटलं, आता चिडतील.

"आजपर्यंत उघडला का नाय?" तेच माझ्यावर ओरडले. "काय काम करतेस इथे बसून? उघड, बाय, खोका उघड. सगळा बाहेर काढ."

मी काढलं. ब्लँकेट झटकलं. दूधपावडरचा डबा कानाशी धरून हलवला. अत्तराची बाटली उजेडात धरली. वर सगळं नेहमीचंच होतं. पण तळाशी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, वापरून गुळगुळीत झालेली अवजारं होती. करवत, रंधा, दोन पटाश्या. दुसऱ्या वेळी शिंप्याची कात्री निघाली. त्याच्या पुढच्या वेळी प्लंबरचे पाने. लोक गल्फमधून नवं पाठवतात. असलं गंजकं सामान विमानाने कोण धाडतं? मी पान्याच्या दांड्यात काही पोकळ आहे का तेसुद्धा ठोकून बघितलं. ते शांतपणे बघत उभे.

"दुसऱ्या बाजूनं पण ठोक," म्हणाले.

काही सापडलं नाही, म्हणून माझा संशय आणखी वाढला. घरी आल्यावर मी प्रार्थनेला बसले तरी डोक्यात ते पानेच.

उलगडा झाला तो त्यांच्या गरजेमुळे. एका दुपारी ते खोका न घेताच आले. स्टुलावर बसले. पिशवीत मीठ होतं, पण काढलं नाही. मी चहा मागवला. त्यांनी कप माझ्याकडे सरकवला, मी एक घोट घेऊन "साखर ठीक आहे" म्हटलं, तेव्हा ते प्याले.

"बाय, वसईला तुझ्या भावाचा बर्फाचा कारखाना हाय ना?"

मी एकदम सावध झाले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. गेल्या वर्षी फोनवर त्याच्याशी भांडत होतीस, मशीन बंद पडली म्हणून. मी ऐकत होतो." आणि मग म्हणाले, "माझ्याकडे एक माणूस हाय. हिद्दच्या कोल्ड स्टोरेजला होता. मशीनचा काम चांगला येता. पुढच्या महिन्यात जेलमधून सुटणार."

म्हटलं, झालं! आलं बाहेर!

ते सांगत गेले आणि मी तोंडावर हात ठेवून ऐकत राहिले. ते सगळे खोके जेलमधून सुटणाऱ्यांचे होते. शिक्षा संपली की आपल्या माणसाला इथून सरळ विमानात बसवतात. खोलीवर जायला मिळत नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी माणूस मुंबईला उतरतो. आणि गल्फवरून रिकाम्या हाताने गावात शिरलेला माणूस म्हणजे काय, ते आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. दारात पोचायच्या आत आळीला कळतं. पुढे त्याला कोण कामावर ठेवणार? म्हणून याकूबभाई आधी त्याच्या खोलीवर जायचे, बाकीचे वाटून घ्यायच्या आत त्याची अवजारं ताब्यात घ्यायचे, वर गल्फचं सामान रचायचे आणि खोका पुढे पाठवायचे. माणूस विमानतळावरून गोडाऊनला जायचा, खोका खांद्यावर टाकायचा आणि चारचौघांसारखा घरी जायचा. खोका पोचायच्या आत याकूबभाईंनी इकडून फोन करून करून त्याला कुठेतरी चिकटवलेलं असायचं. कुणी चिपळूणला फर्निचरवाल्याकडे, कुणी महाडला.

"मालकाला खरा सांगायचा, पहिल्याच वाक्यात," ते म्हणाले. "जेलमधून आलाय, ह्या कारणानं गेला होता. गावाला काय सांगायची गरज नाय. गावाला खोका."

"आणि ह्या तुमच्या माणसाने काय केलं होतं?"

शौकत त्याचं नाव. गुहागरकडचा. ड्रायव्हर आला नाही म्हणून लायसन्स नसताना याने कंपनीची पिकअप काढली आणि वळणावर सायकलवरच्या एका कामगाराला उडवलं. त्या बिचाऱ्याचा पाय गेला.

"तुमचा विश्वास आहे त्याच्यावर?"

"छे छे!" जणू मी शिवीच दिली. "मी तीनदा भेटीला गेलो. तीनदा तीच गोष्ट विचारली. पहिल्यांदा सांगितलान, सगळी चूक ड्रायव्हरची, तो आला नाय म्हणून झाला. मी उठून आलो. दुसऱ्यांदा सांगितलान, थोडी माझी, थोडी सायकलवाल्याची. तेव्हा पण उठून आलो. तिसऱ्यांदा म्हणाला, चाचा, गाडी मीच काढली, मला हौस होती चालवायची. मग मी विचारला, काम काय काय येता?"

असे होते ते. गोष्ट सांगता सांगता माणूस स्वतःच्या चुकीपाशी येऊन थांबला, की त्याच दिवशी त्याच्यासाठी फोन सुरू. त्याच्या आधी कितीही रडा, हे ढिम्म हलायचे नाहीत. आणि का करता हो हे सगळं, असं विचारलं की म्हणायचे, "स्टोअरमध्ये आलेली वस्तू परत कामाला लावायची सवय हाय."

मी डॉमनिकला फोन केला. माझा धाकटा भाऊ, पण स्वभावाने माझ्यावरच गेलाय.

"जेलमधून? जेसी, तुला दुसरा कुणी भेटला नाही?"

"अमोनियाच्या मशीनवर काम केलंय त्याने."

"तू बघितलंयस त्याला?"

"नाही."

"मग कुणाच्या भरवशावर सांगतेस?"

आता काय सांगावं? मी म्हटलं, "डॉम, ज्याने हा माणूस सुचवलाय ना, तो आमच्या काट्यावर विश्वास ठेवत नाही. माझ्यावर ठेवत नाही. स्वतःच्या कुलपावर ठेवत नाही. त्याने तीनदा तपासून पाठवलाय."

"तीनदा?" म्हणून त्याने खात्री करून घेतली. मग म्हणाला, "पाठव. महिनाभर बघतो. सुटल्यावर चार दिवस घरी राहू दे, मग सोमवारी हजर पाहिजे."

खोका मीच बांधायला मदत केली. गेज, ट्यूब कापायचं कटर, पाने तळाशी. वर याकूबभाईंनी यावेळी जरा जास्तच भरलं. दोन ब्लँकेटं, बहिणीसाठी कापड, आईसाठी बाम, पोरांसाठी चॉकलेटांचे दोन डबे. म्हणाले, आई आजारी असते, तिला बरं वाटेल. पुढच्या महिन्यात शौकत सुटला, त्या सोमवारपर्यंत मला एवढीच धाकधूक, की माणूस नीट पोचू दे.

सोमवारी डॉमनिकचा फोन. "तुझा माणूस आला नाही."

मंगळवारी आला नाही. बुधवारी डॉम म्हणाला, "मी उद्यापर्यंत थांबतो, मग दुसरा ठेवतो. सीझन आहे, बोटी उभ्या आहेत, मशीन अर्धी चालतेय." आणि वर, "मी सांगितलं होतं तुला."

माझं डोकं असं फिरलं! दुकानाला कुलूप घातलं आणि टॅक्सीने थेट हिद्द. याकूबभाई जाळीपलीकडे कुणाच्या तरी हातमोज्यात बोट घालून बसले होते.

"गेला ना तुमचा शौकत! खोका घेतला आणि गेला. माझ्या भावासमोर माझी काय शोभा झाली!"

त्यांनी हातमोजा खाली ठेवला. "मी सांगितला होता, इश्वास ठेवू नको," असं म्हणाले खरं, पण आवाज पार उतरलेला. त्यांनी शौकतला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून जाळीच्या भोकात धरला.

"कुठे हायस रे?"

"घरीच आहे, चाचा."

"वसईला का गेला नाय?"

तो मग रडायलाच लागला. "कसा जाऊ चाचा? खोका बघायला अख्खी आळी आली. अम्मीने सगळ्यांना वाटलं. जो तो विचारतोय, सुट्टी किती दिवसांची, परत कधी जाणार. आत्याने तर तिच्या जावयासाठी व्हिसा बघायला सांगितलाय. आता ह्यांना काय सांगू, बर्फ बनवायला वसईला चाललोय? सुट्टीवर आलेला माणूस वसईला कशाला जाईल?"

याकूबभाईंनी फोन हळूच ठेवून दिला. मी भांडायला आले होते ते विसरले. खोका इतका छान भरला होता, की गावाने त्याला सुट्टीवर आलेला साहेब करून टाकला होता आणि त्या बिचाऱ्याला घरातून निघायला जागा उरली नव्हती.

"चूक माझी हाय, बाय," ते म्हणाले. "त्याची नाय, तुझी नाय. माझी." पहिल्याच वेळी त्यांनी सांगून टाकलं, तिसऱ्या वेळेपर्यंत थांबले नाहीत. "भावाला सांग, रविवारपर्यंत दम धर. मी स्वतः आणून सोडतो."

स्टोअरची चावी त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती. रजासुद्धा घ्यायचे ती कंपनी बंद असतानाच. त्या दिवशी त्यांनी चावी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि रात्रीचं विमान पकडलं. मी डॉमच्या हातापाया पडून रविवार मागून घेतला.

पुढचं मला शौकतनेच नंतर फोनवर सांगितलं. याकूबभाई त्यांच्या घरी गेले, सलाम करून ओट्यावर बसले, पाणी प्याले. मग म्हणाले, खोक्यातला टॉवेल आण. शौकतने कॉटखालचं गाठोडं आणलं. त्यांनी ते शौकतच्या बापासमोर सोडलं आणि सगळी अवजारं एकेक करून सतरंजीवर मांडली.

"हा सुट्टीवर नाय आलेला," ते बापाला म्हणाले. "आता परत जाणार नाय. हा तिथे जेलमध्ये होता. का होता ता तो सांगेल, मी नाय सांगणार. पण वसईला काम तयार हाय आणि मालक वाट बघतोय."

शौकतची आई तोंडाला पदर लावून आत गेली. बापाने एक पाना उचलून हातात घेतला. मग म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी डाऊट आला होता. खोका सोडला तेव्हा टॉवेल माझ्याच हाताला लागला. सुट्टीवर येणारा कोण आपली जुनी हत्यारं उचलून आणतो? मी वाट बघत होतो, हा कधी तोंड उघडतो."

आणि मग शौकतने तोंड उघडलं. बापाने शेवटपर्यंत ऐकलं. रविवारी सकाळी स्टँडपर्यंत सोडायला आला, आणि अवजारांचं गाठोडं त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं.

डॉमनिकने पहिला महिना शौकतवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. दुसऱ्या महिन्यात मला म्हणाला, "हात चांगलाय त्याचा." तिसऱ्या महिन्यापासून त्याने विषयच काढणं सोडलं, तेव्हा मी समजले की आता माणूस टिकला.

याकूबभाई परत आले आणि त्यांचे खोके बदलले. आता उघडलं की सगळ्यात वर अवजारं. त्याखाली ब्लँकेट, त्याखाली बाकी सगळं. "वाटावाटी करायच्या आधी घरच्यांना दिसला पाहिजे, हा काय करायला आलाय," ते म्हणाले. सामानही कमी केलं. गावासाठी खोका हवाच, पण माणूस त्यात अडकून पडेल एवढा नको.

एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत खात राहिली. ते स्वतः कधी आत होते का? इथल्या अर्ध्या कोकण्यांना वाटायचं, असणार. नाहीतर एवढा जिव्हाळा कुठून येतो? बाकीचे म्हणायचे, छे, कमिशन खात असेल. कमिशनचं मी माझ्या परीने हिद्दपासून महाडपर्यंत विचारून बघितलं होतं, काही हाती लागलं नाही. शेवटी एकदा तोंडावरच विचारलं.

"याकूबभाई, तुम्ही कधी जेलमध्ये होतात का हो?"

ते मिठाची पुडी पिशवीत ठेवत होते. "होतो म्हटला तर तू उद्यापासून माझा खोका चारदा उघडशील. नव्हतो म्हटला तर तुला खोटा वाटेल. मग विचारतेस कशाला?"

"मला कळायला हवं."

"मग तपास," म्हणाले आणि निघून गेले. मी अजून तपासतेच आहे.

गेल्या हिवाळ्यात ते कायमचे निघाले. कंपनीने निरोपाला केक कापला. तोही त्यांनी आधी मॅनेजरला खायला लावला म्हणे. मग स्वतःचा खोका घेऊन माझ्याकडे आले. काट्यावर आधी मीठ ठेवलं. एक किलो. मग खोका.

मला भरून आलं होतं. म्हटलं, आज तरी नको. "राहू द्या, याकूबभाई. तुमचा खोका मी उघडणार नाही."

असे भडकले! "का? म्हातारा झालो म्हणून? इतकी वर्षं काय शिकलीस माझ्याकडून? उघड, बाय, खोका उघड!"

डोळे पुसत पुसत मी दोरी सोडली. सगळ्यात वर स्टोअरचं ते जुनं कुलूप होतं, चावीसकट. त्याखाली ब्लँकेट. कुलूप उलटंसुलटं करून बघितलं, ब्लँकेट झटकलं, पुन्हा सगळं रचलं. ते समाधानाने मान हलवत उभे होते.

"घरपोच की गोडाऊनवर?"

"गोडाऊनवर. हाती घेणार."

"तुम्ही?"

"नाय. शौकत. तो तुझ्या भावाच्या टेंपोनं येणार हाय."

मी मार्कर तसाच हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. ज्यांनी आजवर आपला खोका हमालालासुद्धा उचलू दिला नव्हता, ते म्हणत होते शौकत घेईल.

"म्हणजे आता विश्वास बसला म्हणायचा त्याच्यावर?"

"कोण म्हणतो?" ते गुरगुरले. "मी पण जाणार हाय ना गोडाऊनवर!" आणि मिठाची पुडी त्यांनी माझ्या काट्याशेजारी ठेवली. "ही इथे राहू दे. रोज सकाळी दुकान उघडलास की आधी ही ठेवून बघ. तुझ्या काट्यावर माझा अजून इश्वास नाय."

पंधरा दिवसांनी डॉमनिकने फोनवर एक फोटो पाठवला. मुंबईच्या गोडाऊनचं फाटक, बाहेर बर्फाचा टेंपो. शौकत खोका खांद्यावर घेऊन चाललाय, हसतोय. फोटोत मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. आणि त्याच्यामागे दोन हातांवर याकूबभाई, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. खोक्याच्या दोरीचं लोंबणारं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलंय.